छेद लहान, निर्णय मोठा

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येक वक्त्याला वीस मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे: शाळा सुटल्यानंतर शिकलेलं, इतरांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा. माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यावर बोलले असते तर अर्धे जण झोपले असते आणि उरलेले अर्धे त्याच क्षेत्रातले असल्यामुळे चुका काढत बसले असते. म्हणून मी आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा सोडल्या तर सर्वांत जास्त वेळा आलेला विषय घेतला. "आईच्या मणक्यात गॅप आलाय, ऑपरेशन सांगितलंय, काय करू?" "बाबांचं दुर्बिणीतून होईल का?" "एक इंचाच्या छेदात सगळं सरळ करून देतात म्हणे, खरं आहे का?"

माझ्या आईची कमरेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. त्याआधी आठ महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले डॉक्टर समोरच बसले आहेत, माझं काही चुकलं तर त्यांनी बिनधास्त हात वर करावा. पण रुग्णाच्या बाजूला बसून, वाचून आणि विचारून जे समजलं, ते सांगायला मला हरकत वाटत नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे चहाच्या वासाने कुणाचं लक्ष उडालं तरी नुकसान नको. छेद किती लहान, हा दुसरा प्रश्न आहे. नेमकं काय दुरुस्त करायचं आहे, हा पहिला. आपण सगळे दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

प्रयोगशाळेतल्या कपाटातला सांगाडा आठवतो ना? त्याचे मणके मोजायला लावायचे आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी यायची. जन्मतः मणके ३३ असतात. मोठेपणी खालचे पाच जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटचे चार जुळून माकडहाड. आज आपल्या कामाचे आहेत ते कमरेचे पाच. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी, मागच्या बाजूला दोन छोटे सांधे आणि या सगळ्यांच्या मधून जाणारी एक नळी. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत असतो तो नसांचा जुडगा. त्याचं लॅटिन नाव 'कॉडा इक्विना', म्हणजे घोड्याचं शेपूट. पाय, लघवी, शौच या सगळ्यांची सूत्रं या शेपटात असतात.

आपण म्हणतो 'मणक्यात गॅप आलाय'. होतं ते नेमकं उलटं. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं, गादी चपटी होते आणि दोन मणक्यांतलं अंतर घटतं. भार मागच्या छोट्या सांध्यांवर जातो, ते झिजतात, कडेने हाड वाढतं, आतला पिवळा अस्थिबंध जाड होतो आणि नळी अरुंद होते. हे सगळं सारख्या प्रमाणात झालं तर माणूस थोडा बुटका होतो, एवढंच. पण गादी एका बाजूला जास्त बसली की कणा बाजूला वाकतो. त्याला म्हणतात डीजनरेटिव्ह स्कोलिओसिस. गाद्या पुढच्या बाजूने बसल्या की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि माणूस पुढे झुकतो. सांधे सैल झाले की वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकतो, बहुतेक वेळा चौथा पाचव्यावरून, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. माझ्या आईला यातलं पहिलं आणि तिसरं, दोन्ही होतं.

वाकडेपणा मोजायची एक पद्धत आहे. अमेरिकन अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी ती १९४८ साली रूढ केली. वाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्यांच्या रेषांमधला कोन घ्यायचा. तो १० अंशांपेक्षा जास्त असेल तर स्कोलिओसिस म्हणायचं. आईचा कोन २२ अंश होता. आकडा ऐकून माझा भाऊ घाबरला होता. पण नुसत्या कोनावरून त्रास कळत नाही, हे मला पुढे समजलं. तीस अंशांचा वाक घेऊन आरामात फिरणारी माणसं असतात आणि वाक जवळजवळ नसतानाही शंभर पावलांवर बसून पडणारी असतात.

ते बसणं महत्त्वाचं आहे. घरातली ज्येष्ठ मंडळी 'गुडघे दुखतात' म्हणून बसतात, असं आपण धरून चालतो. जरा नीट बघा. चालताना पाय जड होतात, मुंग्या येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. दुकानात ट्रॉलीवर रेलून तासभर फिरता येतं, पण ताठ चालत कोपऱ्यापर्यंत जाता येत नाही. सायकल चालवता येते, चालता येत नाही. असं असेल तर नळी अरुंद झाल्याची शक्यता असते. पुढे वाकलं की नळी थोडी मोकळी होते, म्हणून बरं वाटतं. हेंक व्हर्बीस्ट या डच न्यूरोसर्जननी हे दुखणं १९५४ साली सविस्तर मांडलं. पायांच्या रक्तवाहिन्या चोंदल्या तरी चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहूनही आराम पडतो. तेव्हा दोन्हींतला फरक डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवा.

आता एमआरआयविषयी. ग्रुपवर रिपोर्टचे फोटो येतात, त्यात 'डीजनरेशन', 'बल्ज' असे शब्द असतात आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठीचा कसलाही त्रास नसलेल्या ३११० लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन त्यात एकत्र पाहिले होते. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे पांढऱ्या केसांसारखीच ती वयाची खूण आहे. रिपोर्टमध्ये काहीतरी सापडणारच आहे. सापडलेली गोष्ट आणि होणारा त्रास यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांनी हात लावून, पाय उचलून, अंगठ्याची ताकद बघून ठरवायचं असतं.

एमआरआयची दुसरी मर्यादा आम्हाला तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितली आणि इंजिनिअर म्हणून मला ती फार पटली. एमआरआय आडवं झोपवून काढतात. झोपल्यावर कण्यावर भार नसतो, त्यामुळे वाक कमी दिसतो आणि सरकलेला मणका जागेवर गेल्यासारखा वाटतो. पुलाची तपासणी पूल जमिनीवर आडवा ठेवून कुणी करत नाही. म्हणून व्यंगाचा विचार करायचा असेल तर मानेपासून मांडीच्या सांध्यांपर्यंतचा पूर्ण एक्स-रे उभं राहून काढायला हवा, आणि मणका हलतो का हे बघण्यासाठी पुढे-मागे वाकून वेगळे एक्स-रे.

उभ्या एक्स-रेवर डॉक्टर चक्क ओळंबा लावतात. गवंडी लावतो तोच. मानेच्या सातव्या मणक्यातून सरळ खाली रेघ सोडायची. ती त्रिकास्थीच्या वरच्या मागच्या कोपऱ्याच्या ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे पडली तर तोल पुढे गेलेला आहे. अशा माणसाला उभं राहायलाच स्नायूंची मेहनत लागते, गुडघे वाकवून तोल सांभाळावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत पाठ भरून येते. शिवाय प्रत्येकाच्या ओटीपोटाच्या हाडाचा एक कोन असतो, तो मोठेपणी जवळपास बदलत नाही. कमरेचा बाक त्या कोनाशी साधारण १० अंशांच्या आत जुळावा, असा ठोकताळा आहे. उतारवयात तो थोडा सैल धरतात. बाजूचा वाक डोळ्यांना जास्त दिसतो, पण माणसाला जास्त छळतो तो हा पुढचा झोक.

एवढी पार्श्वभूमी झाल्यावर आता ऑपरेशन. त्याआधी एक वाक्य: बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. व्यायाम, औषधं, वजन कमी करणं आणि काही वेळा नसेजवळ दिलेलं इंजेक्शन, यांवर पुष्कळ लोक वर्षानुवर्षं ठीक राहतात. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं, पाऊल एकाएकी लुळं पडणं यांपैकी काही झालं तर वाट बघायची नाही. तो त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचा प्रसंग आहे. पायातली चप्पल निसटते आणि कळतही नाही, असं कुणी ज्येष्ठ माणूस म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका.

शस्त्रक्रियेत मूळ कामं तीन: दबलेली नस मोकळी करणं, हलणारे मणके एकमेकांना जोडणं आणि वाकलेला कणा तोलात आणणं. पहिल्याला डीकम्प्रेशन म्हणतात, दुसऱ्याला फ्युजन, तिसऱ्याला करेक्शन. अमेरिकेत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूची सळई बनवली आणि १९६२ साली त्याबद्दल लिहिलं. तिथून सळ्या-स्क्रूंचं युग सुरू झालं. पण पाठ मधोमध उघडायची, हाडापासून स्नायू सोलून बाजूला करायचे आणि मग काम करायचं, ही पद्धत बराच काळ तशीच राहिली. तरुण मुलाला ते झेपतं. सत्तरीतल्या, मधुमेही, ठिसूळ हाडांच्या आजीला रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग महाग पडतो.

त्यातून लहान छेदाची वाट निघाली. १९७७ साली यासारगिल आणि कास्पर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गादीचं ऑपरेशन करण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. १९९७ साली फोली आणि स्मिथ यांनी नळीतून आणि एंडोस्कोपमधून ते करून दाखवलं. ही नळी समजली की बाकीचं समजतं. मधल्या रेषेच्या थोडं बाजूला जेमतेम इंचभराचा छेद घेतात. त्यातून आधी एक बारीक दांडी, तिच्यावरून जरा जाड, तिच्यावरून आणखी जाड, अशा एकात एक नळ्या सरकवतात. स्नायूंचे धागे कापले न जाता बाजूला सरतात. शेवटी साधारण दोन सेंटिमीटर व्यासाची नळी राहते, तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने बघत वाढलेलं हाड आणि जाड झालेला अस्थिबंध काढतात. एका बाजूने शिरून पलीकडच्या बाजूची नसही मोकळी करता येते. मणके जोडायचे असतील तर त्याच वाटेने झिजलेली गादी काढून तिथे हाडाचा चुरा भरलेला पिंजरा बसवतात आणि वेगळ्या छोट्या छिद्रांतून, सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्रावर बघत स्क्रू घालतात.

दुसरी वाट कुशीतून आहे. रुग्णाला कुशीवर झोपवून, पोटातल्या अवयवांच्या मागून मणक्यापर्यंत पोचतात आणि गादीच्या जागी रुंद पिंजरा बसवतात. पाठीच्या स्नायूंना हात लागत नाही. रुंद पिंजरा मणक्याच्या कडांवर टेकतो, उंची परत मिळते, एका बाजूला बसलेला भाग उचलला जातो आणि नस बाहेर पडायची वाट आपोआप मोकळी होते. वाकलेल्या कण्यासाठी ही वाट फार उपयोगाची. पण तिलाही मर्यादा आहेत. सगळ्यात खालच्या गादीपर्यंत कुशीतून जाता येत नाही, कारण कमरेचं हाड आडवं येतं. आणि वाटेत मांडीकडे जाणाऱ्या नसा असल्यामुळे काही जणांना मांडीत बधिरपणा किंवा अशक्तपणा येतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यां-महिन्यांत ओसरतो.

फायदे खरे आहेत. रक्तस्राव कमी, सुरुवातीच्या दिवसांतलं दुखणं कमी, घरी लवकर. पण एकाच पातळीवरच्या फ्युजनमध्ये वर्ष-दोन वर्षांनी मोजलं तर उघड्या आणि लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचे निकाल बरेचसे सारखे येतात. म्हणजे लहान छेदाने बरं होण्याचा रस्ता सुसह्य होतो, मुक्काम बदलतोच असं नाही. आणि त्वचेवरचा छेद लहान असला तरी आत हाड तेवढंच काढतात, स्क्रू तेच असतात, नसेला धोकाही असतोच. नसांवरचं आवरण फाटणं, स्क्रू सैल होणं, हाड न जुळणं, जोडलेल्या भागाच्या वरची गादी पुढे काही वर्षांत बिघडणं, हे दोन्हीकडे होतं.

व्यंगाच्या बाबतीत एक सीमारेषाही आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०१४ साली यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या. ढोबळ सांगायचं तर तोल ठीक असेल आणि मुख्य तक्रार दबलेल्या नसेची असेल, तर लहान छेदातून नस मोकळी करणं, गरज पडल्यास एखादी पातळी जोडणं. मध्यम वाक असेल तर लहान छेदांतूनच जास्त पातळ्या. पण तोल फार पुढे गेला असेल, कणा ताठर होऊन त्याच अवस्थेत जुळला असेल, तर हाड कापून कोन बदलावा लागतो आणि तिथे उघडी शस्त्रक्रियाच योग्य. अशा माणसाला कुणी 'टाक्याशिवाय सरळ करून देतो' म्हणालं तर सावध व्हावं. तसंच नुसती नस दबलेल्या माणसाला कुणी अर्धा कणा स्क्रूंनी बांधायला निघालं, तरी सावध व्हावं.

आमच्या बाबतीत ही दोन्ही टोकं समोर आली. एका ठिकाणी सांगितलं, पाठीच्या दहाव्या मणक्यापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्क्रू आणि सळ्या घालू, कणा सरळ होईल. आई तेव्हा ७३ वर्षांची. दुसऱ्या ठिकाणी एमआरआय उजेडापुढे धरून तीन मिनिटांत सांगितलं, लेझरने करू, उद्या घरी. दोन्हीकडे तिला उभं करून एक्स-रे काढला नव्हता, आणि दोन्हीकडे बोलणं माझ्याशी चाललं होतं, तिच्याशी नाही.

तिसऱ्या डॉक्टरांनी आधी तिला विचारलं, "काकू, परत करता यावं असं एक काम सांगा." ती म्हणाली, "मंडईत चालत जायचंय. मोबाइलवर मागवलेली भाजी मला आवडत नाही." मग त्यांनी विचारलं, पाय जास्त दुखतात की पाठ? ती म्हणाली, पाय. पाठ दुखते, पण तिची सवय झालीय. आमच्या आठ महिन्यांच्या चर्चेत हे दोन प्रश्न कुणीच तिला इतके सरळ विचारले नव्हते.

उभ्या एक्स-रेत ओळंबा जवळजवळ जागेवर होता. २२ अंशांचा वाक होता, पण त्याने तोल गेला नव्हता. पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत मात्र चौथा मणका स्पष्ट हलत होता. डॉक्टर म्हणाले, वाक सरळ करायची गरज नाही. नस मोकळी करायची आणि हलणारी एकच जोडी जोडायची.

मी विचारलं, जोडायचीच कशाला, नुसती नस मोकळी केली तर? कारण मी वाचून गेले होते. २०१६ साली याच प्रश्नावर स्वीडन आणि अमेरिकेतले दोन अभ्यास एकाच अंकात छापून आले. स्वीडनच्या अभ्यासात २४७ रुग्ण होते आणि फ्युजन जोडल्याने दोन वर्षांनी जास्त फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या अभ्यासात ६६ रुग्ण होते आणि फ्युजनवाल्यांची तब्येत थोडी जास्त सुधारली. पुढे २०२१ साली नॉर्वेत, मणका सरकलेल्या २६७ रुग्णांवरच्या अभ्यासात नुसती नस मोकळी करणं फ्युजनपेक्षा कमी पडत नाही असं निघालं. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण नुसत्या डीकम्प्रेशनमध्ये १२.५ टक्के आणि फ्युजनमध्ये ९.१ टक्के होतं. डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं, आणि प्रश्न विचारला म्हणून ते चिडले नाहीत. म्हणाले, "मणका फारसा हलत नसता तर मीही नुसती नस मोकळी केली असती. इथे तो हलतोय आणि वर वाकही आहे. नुसतं मोकळं केलं तर तो आणखी सरकण्याची मला भीती वाटते." उत्तर पटण्यासारखं होतं. मुख्य म्हणजे ते आईच्या कण्याबद्दलचं उत्तर होतं, एखाद्या तंत्राची जाहिरात नव्हती.

ऑपरेशन लगेच केलं नाही. हाडांची घनता मोजली. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि अशा हाडात स्क्रू म्हणजे भुसभुशीत भिंतीत खिळा. आई काठावर होती, म्हणून काही महिने हाडांचं औषध झालं. साखर आटोक्यात आणली. आणि डॉक्टरांनी तिला हळूच विचारलं, मिशरी लावता का? निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. सिगारेट ओढता का, असं आपल्या आयांना विचारून उपयोग नसतो, मिशरीच विचारावी लागते. आई लावत नव्हती. पण शेजारच्या खाटेवरच्या मावशी लावत होत्या आणि त्यांच्या घरच्यांना त्याचा इथे काही संबंध असेल हे माहीत नव्हतं.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली, चौथ्या दिवशी घरी आली. त्यानंतर तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. घरी कमोड आणि पलंगाची उंची यांची सोय आधी करून ठेवावी लागते. छेद लहान असला तरी हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतंच, ते काम शरीर आपल्या वेगाने करतं. टाके दिसत नाहीत म्हणून घरातले लोक, आणि रुग्ण स्वतःही, लवकर कामाला लागतात. तो मोह टाळायचा.

आज पायाचं दुखणं गेलं आहे. वाक तसाच आहे, ब्लाउजचा एक खांदा अजून उतरतो. पाठ संध्याकाळी थोडी दुखते. डाव्या अंगठ्याजवळचा बधिरपणा पूर्ण गेला नाही, कारण फार काळ दबलेली नस सगळी परत येतेच असं नाही. मंडईत चालत जाते, येताना रिक्षा करते. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं. मणका सरळ करून मागितला असता तर कदाचित फार मोठी किंमत द्यावी लागली असती.

शेवटी पाच प्रश्न सांगते. कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या.

एक, मुख्य त्रास पायाचा की पाठीचा, आणि हे ऑपरेशन त्यातल्या कशासाठी आहे?

दोन, उभं राहून पूर्ण कण्याचा आणि वाकून काढलेला एक्स-रे बघितला का, आणि तोल कसा आहे?

तीन, नुसती नस मोकळी करून भागेल का? नसेल तर का, आणि किती पातळ्या जोडणार?

चार, हाडांची घनता, साखर, तंबाखू यांबाबत आधी काय करायला हवं?

पाच, तुम्ही या पद्धतीने किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, मध्येच उघडी करावी लागली तर काय, आणि सगळं नीट झालं तरी कोणता त्रास राहील?

शेवटच्या प्रश्नाला 'काहीच राहणार नाही' असं उत्तर मिळालं, तर दुसरं मत जरूर घ्या. आणि विम्याची पॉलिसी आज घरी गेल्यावर वाचा. मणक्याच्या आजारांसाठी पुष्कळ पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी असतो, तो दुखणं सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपले आईवडील आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि आपण पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आज त्यांच्यासाठी विचारायचे प्रश्न उद्या आपली मुलं आपल्यासाठी विचारणार आहेत. तेव्हा रिपोर्ट ग्रुपवर टाकून पन्नास जणांची पन्नास मतं घेण्यापेक्षा एका डॉक्टरांसमोर अर्धा तास शांत बसा. त्या खोलीत आईला, बाबांना स्वतः बोलू द्या; वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. आणि सोबत कुणी हवं असेल, नुसतं शेजारी बसून लिहून घ्यायला, तर मला फोन करा. मी येईन.